पुण्याच्या छावणीबाहेरचा मॉर्मन प्रचारक आणि दोन रकान्यांचा तक्ता

सप्टेंबर १८५२. मुंबई बंदरात ह्यू फिंडले नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ उतरतात. त्यांच्याजवळ इंग्रजी बायबल आहे, आणि त्याच्या जोडीला आणखी एक ग्रंथ, ज्याचे नावही तोवर या शहरात फारशा कोणी ऐकलेले नसावे. तो ग्रंथ म्हणजे 'बुक ऑफ मॉर्मन'. पुढची जवळजवळ तीन वर्षे हे गृहस्थ मुंबई आणि पुणे येथे प्रचार करतात, पत्रके छापतात, इतर मिशनऱ्यांशी वाद घालतात, आणि १८५५ मध्ये निघून जातात. मराठी इतिहासात त्यांच्या वाट्याला एखादी तळटीपही क्वचितच येते.

मागच्या धाग्यात आपण आगाशिवच्या लेण्यांत होतो. आज एकदम अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाकडे वळतो आहोत, याचे कारण सांगतो. मिरजेच्या एका धाकट्या मित्राने मला एक तक्ता पाठवला. डाव्या रकान्यात जोसेफ स्मिथ आणि ब्रिगहॅम यंग या आरंभीच्या मॉर्मन नेत्यांची विधाने, उजव्या रकान्यात त्यांना छेद देणारी बायबलची वचने. खाली त्याचा प्रश्न: "दादा, हे खरं आहे का? वादविवाद स्पर्धेत वापरू का?" उत्तर देण्यास बसलो आणि लक्षात आले की असाच तक्ता मनात धरून १८५३ साली मुंबईत माणसे भांडत होती. म्हणून हा धागा. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ चा, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातला. नंतर त्यांचे कुटुंब न्यूयॉर्क राज्यात गेले. तेथे धार्मिक जागृतीची लाट उसळलेली होती आणि प्रत्येक पंथ आपणच खरे म्हणून सांगत होता. कोणता पंथ खरा, या संभ्रमात याकोबाच्या पत्रातील एक वचन (१:५) वाचून आपण रानात प्रार्थनेस गेलो आणि आपल्याला दर्शन झाले, असे स्मिथ यांनी पुढे सांगितले. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण 'बुक ऑफ मॉर्मन'चे भाषांतर केले, हा त्यांचा दावा. ग्रंथ मार्च १८३० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ६ एप्रिल १८३० रोजी त्यांच्या चर्चची स्थापना झाली. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर बहुसंख्य अनुयायी ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पश्चिमेस सॉल्ट लेकच्या खोऱ्यात गेले.

एक गोष्ट ध्यानात घ्या. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचे आद्य प्रचारक, हेही अमेरिकेच्या त्याच ईशान्य भागातील धार्मिक जागृतीचे अपत्य. सातारा राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर आपल्या भागात शाळा आणि प्रार्थनामंदिरे काढणारे मिशन ते हेच. एकाच मातीतून दोन रोपे निघाली: एक अहमदनगर-साताऱ्यास रुजले, दुसरे वाळवंट ओलांडून यूटाला गेले. मुंबईत त्यांची गाठ पडली तेव्हा ती भाऊबंदकीच्या स्वरूपाचीच असणार होती.

हिंदुस्थानातील मॉर्मन काम कलकत्त्यास १८५१ मध्ये सुरू झाले. जोसेफ रिचर्ड्स त्या वर्षीच्या जूनमध्ये आले, वर्षअखेरीस विल्यम विल्स आले. पश्चिम किनाऱ्याची जबाबदारी फिंडले यांच्याकडे. ते पूर्वी इंग्लंडमध्ये हल येथील मॉर्मन मंडळ्यांचे प्रमुख होते, तेव्हा वादविवाद त्यांना नवा नव्हता. मुंबईत वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीका झाली. १८५३ मध्ये ते पुण्याकडे वळले, तर लष्करी छावणीच्या हद्दीत प्रचारास अधिकाऱ्यांनी आडकाठी केली. तरीही त्या वर्षीच्या सप्टेंबरापर्यंत पुण्यात डझनभर सभासदांची एक छोटी मंडळी उभी राहिली, तीत युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि एतद्देशीय असे तिन्ही प्रकारचे लोक होते. ज्या काळात लष्कर आणि गाव यांच्यामधली रेघ इतकी ठळक होती, त्या काळात हे बारा जण एकत्र बसत होते, ही गोष्ट मला आकड्यापेक्षा मोठी वाटते.

आता तक्त्याकडे.

एखाद्याच्या धर्मग्रंथातून त्याच्याच विरोधात वचने काढण्याची पद्धत मुंबई इलाख्यात तोवर चांगली मुरलेली होती. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३० च्या सुमारास पुराणकथांतील विसंगती मांडून हिंदू पंडितांना आव्हान दिले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी त्याला उत्तर दिले, आणि ते देताना मिशनऱ्यांच्याच ग्रंथावर प्रश्न उभे केले. म्हणजे हत्यार दोन्ही बाजूंच्या हाती आलेले होते. फिंडले आल्यावर गंमत अशी झाली की ते हत्यार मिशनऱ्यांनी दुसऱ्या एका मिशनऱ्यावर चालवले, आणि दोघांच्या हातात ग्रंथ एकच होता.

जे. जी. डेक हे एकेकाळी मद्रासच्या फौजेत अधिकारी होते. पुढे ते ब्रदरन पंथात गेले, स्तोत्रकार म्हणून नावाजले. त्यांनी मॉर्मनांविरुद्ध एक पत्रक लिहिले होते. फिंडले यांनी १८५३ मध्ये मुंबईतच त्याला छापील उत्तर दिले. अशा पत्रकयुद्धांत दोन्ही बाजूंनी जी वचने फेकली जात, त्यांतली पहिली जोडी प्रसिद्ध आहे. मॉर्मन-विरोधक गलतीकरांस लिहिलेल्या पत्राकडे (१:८) बोट दाखवत: स्वर्गातील दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती नाकारा, असा तेथे पौलाचा आदेश आहे. देवदूताच्या दर्शनावर उभ्या असलेल्या पंथाला हा घाव वर्मी बसणारा. मॉर्मन उत्तर देत प्रकटीकरणातून (१४:६), जेथे अंतकाळी एक देवदूत सार्वकालिक सुवार्ता घेऊन आकाशातून जाताना दिसतो. दूत येणार असे बायबलच सांगते, मग आलेल्या दूताला नाकारायचे कसे?

ही जोडी नीट पाहिली तर तक्त्याची पहिली अडचण कळते. उजव्या रकान्यात कोणते वचन ठेवायचे हे तक्ता करणारा ठरवतो. गलतीकरांस ठेवले की मॉर्मन पडतात, प्रकटीकरण ठेवले की उभे राहतात.

दुसरे उदाहरण ग्रंथात भर घालण्याचे. प्रकटीकरणाच्या शेवटी (२२:१८-१९) या पुस्तकात कोणी भर घालू नये अशी सक्त ताकीद आहे. मग 'बुक ऑफ मॉर्मन' म्हणजे भरच नव्हे काय? मॉर्मनांचे उत्तर असे की अशीच ताकीद अनुवादाच्या पुस्तकातही (४:२) आहे. तिचा तोच अर्थ घेतला तर अनुवादानंतरचे सगळे बायबल, शुभवर्तमानांसह, बाद ठरेल. हे उत्तर मला बिनतोड वाटते. प्रकटीकरण लिहिले गेले तेव्हा आजचे बायबल एका बांधणीत अस्तित्वातच नव्हते. ताकीद त्या एका पुस्तकापुरती होती.

तिसरे उदाहरण जुने आहे, आणि विरोधकांचे लाडके. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२:१) येशूचा जन्म बेथलेहेमात होतो. 'बुक ऑफ मॉर्मन'मधील आल्मा या भागात (७:१०) मात्र तो यरुशलेमेत होईल असे भाकीत आहे. मॉर्मन सांगतात की मजकुरात यरुशलेम हा प्रदेश म्हणून घेतला आहे, आणि बेथलेहेम तेथून अगदी जवळ. हे स्पष्टीकरण ऐकून मला हसू येईना, कारण ओगलेवाडीचा मुलगा मुंबईत गेला की "मी कराडचा" असेच सांगतो. तथापि पाचशे वर्षे समुद्रापलीकडे राहिलेल्या लोकांसाठी केलेले भाकीत आणि वसतिगृहातली ओळख यांत फरक आहे, एवढे म्हणून हा मुद्दा सोडून देतो. यात फारसे काही नाही.

खरे काही आहे ते पुढच्या मुद्द्यात.

२ एप्रिल १८४३ रोजी जोसेफ स्मिथ यांनी शिकवले की पित्याला, म्हणजे परमेश्वराला, माणसासारखेच मांसाहाडांचे शरीर आहे. पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल १८४४ रोजी, किंग फॉलेट नावाच्या अनुयायाच्या स्मरणार्थ केलेल्या प्रवचनात ते आणखी पुढे गेले: देव पूर्वी आपल्यासारखाच मनुष्य होता, आणि मनुष्यही त्या पदाला पोहोचू शकतो. उजव्या रकान्यात या विधानांसमोर काय येते हे तुम्ही ओळखलेच असेल. योहान ४:२४, जेथे देव आत्मा असल्याचे सांगितले आहे. गणना २३:१९, जेथे देव मनुष्य नव्हे असे म्हटले आहे. यशया ४३:१०, जेथे देवाच्या आधी कोणी देव झाला नाही आणि नंतर होणार नाही असा उद्घोष आहे.

मॉर्मनांजवळही वचने होती. निर्गम ३३:११ मध्ये परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलतो, मित्राशी बोलावे तसा. पण त्याच अध्यायात, नऊ वचनांनंतर (३३:२०), देवाचे मुख पाहून कोणी जगू शकत नाही असे देवच सांगतो. एकाच पानावर दोन्ही! ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

आता पुण्याचा विचार करा. गेली दोन-तीन दशके मिशनरी या शहरात सांगत आलेले की देव निराकार आहे, त्याला हात-पाय-मुख कल्पून मूर्ती घडवणे हे पाप. आणि आता दुसरा एक गोरा गृहस्थ, तेच बायबल हातात घेऊन, ज्या पंथाच्या वतीने बोलतो त्याची शिकवण अशी की देवाला शरीर आहे. मॉर्मन विद्वान ऑर्सन प्रॅट यांनी १८४९ मध्ये लिव्हरपूलला निराकारवादाची खिल्ली उडवणारे एक पुस्तकच प्रसिद्ध केले होते, आणि फिंडले ज्या ब्रिटिश मॉर्मन वर्तुळातून आले त्याचे प्रमुख त्या वेळी प्रॅटच होते. सगुण-निर्गुणाचा वाद ज्यांनी कीर्तनात लहानपणापासून ऐकला, त्या श्रोत्यांना या दोघा पाहुण्यांचे भांडण परके वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय मराठी बायबलात योहानाचे ते वचन 'आत्मा' या शब्दाने येते. ग्रीक मूळ शब्दाला वारा, श्वास असे अर्थ आहेत. आपल्या 'आत्मा' शब्दामागे उपनिषदांपासूनचा पसारा आहे. इंग्रजी रकान्यातले वचन मराठीत आणले की ते तेच वचन उरते का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोपवतो.

फिंडले यांनी १८५५ मध्ये मुंबईत जो निबंध छापला, त्याचे शीर्षक हिंदुस्थानातील मराठ्यांना उद्देशून आहे आणि विषय आहे खरा, जिवंत देव व त्याचा धर्म. 'मराठे' म्हणजे येथे जात नव्हे. त्या काळच्या इंग्रजीत मराठी मुलखातील लोकांना सरसकट असे म्हणत. मुंबई-पुण्यात अडीच-तीन वर्षे काढल्यावर या माणसाला मराठी वाचकांशी सर्वप्रथम बोलावेसे वाटले ते देवाच्या स्वरूपाविषयी, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

येथे आणखी एक तपशील, जो तक्त्यात कधीच नसतो. १८३५ मध्ये स्मिथ यांच्याच काळात चर्चच्या अधिकृत 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या ग्रंथात श्रद्धेवरील सात व्याख्याने छापली गेली. त्यांतील पाचव्या व्याख्यानात पिता हा आत्मरूप आणि पुत्र हा देहधारी असा भेद आहे. म्हणजे १८३५ चे मॉर्मन विधान योहानाच्या वचनाशी बरेच जुळते, १८४३ चे जुळत नाही. ही व्याख्याने १९२१ मध्ये त्या ग्रंथातून वगळण्यात आली. मॉर्मन आणि बायबल यांची तुलना करण्याआधी १८३५ चे मॉर्मन आणि १८४३ चे मॉर्मन यांची तुलना करावी लागते.

हीच गोष्ट विवाहाच्या बाबतीत फार कठोरपणे पुढे येते, आणि फिंडले यांच्या पुण्यातील कामाचे भवितव्यही येथेच ठरले असे माझे मत आहे.

कालक्रम पाहा. 'बुक ऑफ मॉर्मन' (याकोब २:२४) दावीद आणि शलमोन यांच्या अनेक बायकांचा धिक्कार करते. मात्र देवाने संततीसाठी आज्ञा दिली तर अपवाद, अशी एक फट सहा वचनांनंतर ठेवते. १८३५ च्या 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स'मध्ये विवाहावरील कलम स्पष्ट आहे: एका पुरुषाला एक पत्नी. १२ जुलै १८४३ रोजी स्मिथ एक साक्षात्कार लिहवून घेतात, ज्यात दावीद आणि शलमोन यांच्या बायकांचे समर्थन आहे. तो गुप्त राहतो. जुलै १८५० मध्ये जॉन टेलर हे मॉर्मन नेते फ्रान्समधील बुलोन येथे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांशी जाहीर वाद करतात. बहुपत्नीत्वाचा आरोप होताच ते १८३५ चे एकपत्नीत्वाचे कलम वाचून दाखवतात आणि आरोप फेटाळतात. त्या क्षणी टेलर यांना स्वतःला अनेक पत्नी होत्या. हा वाद त्याच वर्षी लिव्हरपूलला पत्रकरूपाने छापला गेला आणि ब्रिटनमधील मॉर्मनांना आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मिळाला.

फिंडले याच ब्रिटनमधून निघाले. सप्टेंबर १८५२ मध्ये ते मुंबईत उतरले, त्याच्या काही दिवस आधी, २९ ऑगस्ट १८५२ रोजी, सॉल्ट लेक येथील परिषदेत ऑर्सन प्रॅट यांनी बहुपत्नीत्व हा आमचा सिद्धांत असल्याचे जगजाहीर केले होते. आदल्याच दिवशी त्याच परिषदेत हिंदुस्थान आणि सयामसाठी १३ प्रचारकांची निवड झाली होती! तारेचे दिवस नव्हते. बातमी जहाजाने यायची. ती १८५३ मध्ये हिंदुस्थानात पोहोचली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते १३ जणही कलकत्त्यास उतरले. त्यांपैकी काही पुढे मुंबई-पुण्याकडेही आले.

कल्पना करून पाहा. एखादा सैनिक किंवा कारकून फिंडले यांच्या शब्दावर विश्वास ठेवून, रेजिमेंटमधल्या सोबत्यांची थट्टा सोसून, बाप्तिस्मा घेतो. मग वर्तमानपत्रात छापून येते की तुमचे नेते वर्षानुवर्षे जे नाकारत होते ते खरे होते. त्याने कोणत्या वचनाकडे पाहावे? उत्पत्ती २:२४ आणि मत्तय १९:५ मध्ये दोघे एकदेह होतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (३:२) अध्यक्ष एकाच स्त्रीचा पती असावा असे आहे. अनुवाद १७:१७ राजाला पुष्कळ बायका करण्यास मनाई करतो. तर दुसऱ्या शमुवेलात (१२:८) नाथान संदेष्टा दाविदाला सांगतो की तुझ्या धन्याच्या बायका परमेश्वरानेच तुला दिल्या. अब्राहाम, याकोब यांच्या घरच्या कथा तर सर्वांना ठाऊक.

बायबलच्या रकान्यात पाहिले तर सामना बरोबरीत सुटतो, असे कोणी म्हणू शकेल. मला तसे म्हणवत नाही. त्या कारकुनाची फसवणूक वचनांत नव्हती. ती १८५० च्या बुलोनमध्ये होती, एका नेत्याने जे जाहीरपणे नाकारले आणि जे स्वतः जगला यांच्यामधल्या अंतरात. तक्त्याला या अंतराचा रकानाच नसतो. १८३५ चे एकपत्नीत्वाचे कलम ग्रंथातून काढून तेथे १८४३ चा साक्षात्कार घालण्यात आला तो १८७६ मध्ये. म्हणजे १८५२ नंतरही चोवीस वर्षे छापील ग्रंथ एक सांगत होता आणि व्यवहार दुसरे. पुढे अमेरिकन सरकारच्या कायद्यांचा फास आवळत गेल्यावर १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून नवे बहुपत्नी विवाह थांबवण्याचा सल्ला दिला.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की मॉर्मनांना हसणारे युरोपीय समाज काही सोवळे नव्हते. छावण्यांच्या आसपास साहेबांच्या 'बिबी' कशा राहत, हे पुण्या-मुंबईस ठाऊक होते. आणि ज्यांच्या सरदारघराण्यांत दोन-तीन विवाह सर्रास होत, त्या आपल्या समाजाला बहुपत्नीत्वाचा धक्का बसला असेल असे समजण्याचेही कारण नाही. धक्का युरोपीय आणि अँग्लो-इंडियन सभासदांना होता, आणि मंडळीचा कणा तेच होते.

आता ब्रिगहॅम यंग. मिरजेच्या मित्राच्या तक्त्यातले सर्वांत भडक विधान त्यांचेच होते: आदम हाच आपला पिता आणि देव, अशा आशयाचे. समोर उत्पत्ती २:७, जेथे देव आदमाला मातीतून घडवतो. हे विधान खोटे नाही. ९ एप्रिल १८५२ च्या प्रवचनात यंग यांनी ते केले आणि लिव्हरपूलहून निघालेल्या प्रवचनसंग्रहाच्या पहिल्या खंडात ते १८५४ मध्ये छापले गेले. पण खुद्द ऑर्सन प्रॅट यांना ही शिकवण मान्य नव्हती, आणि १९७६ मध्ये चर्चचे तत्कालीन अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी तिचा जाहीरपणे अव्हेर केला. यंग यांचे मत म्हणून ती तक्त्यात ठेवा; 'मॉर्मन काय मानतात' या शीर्षकाखाली ठेवलीत तर तुम्ही चुकलात.

माझी स्वतःची चूक सांगतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षी चर्चासत्रात मी किंग फॉलेट प्रवचनातील एक वाक्य मोठ्या ऐटीत स्मिथ यांचे शब्द म्हणून वाचले. सरांनी एवढेच विचारले, "लिहून कोणी घेतलं?" मला सांगता आले नाही. त्या प्रवचनाची टिपणे चौघांनी घेतली होती: थॉमस बुलक, विल्यम क्लेटन, विल्फर्ड वुड्रफ आणि विलर्ड रिचर्ड्स. छापील पाठ त्यांची जुळवणी करून नंतर तयार झाला. मी जे वाचले ते स्मिथ यांच्या तोंडून नेमके त्या शब्दांत निघाले होते की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. बखरींच्या बाबतीत आपण हा प्रश्न सवयीने विचारतो. परदेशी छापील पुस्तक दिसले की विसरतो.

तक्त्यात एक विधान नव्हते, आणि ते नव्हते याचे मला वाईट वाटले. १८५२ च्या आरंभी यंग यांनी यूटाच्या विधिमंडळापुढे आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना धर्माधिकार मिळणार नाही असे जाहीर केले, आणि त्याला काइनाच्या शापाचा आधार दिला. वास्तविक एलायजा एबल या कृष्णवर्णीय सभासदाला १८३६ मध्ये धर्माधिकार मिळालेला होता. 'बुक ऑफ मॉर्मन'मध्येच (२ नेफी २६:३३) काळे-गोरे, बंदी-स्वतंत्र सर्व देवाला सारखे असे आहे. बायबलातही प्रेषितांची कृत्ये (१७:२६) सर्व राष्ट्रे एकापासून झाली असे सांगतात. दोन्ही ग्रंथ विरोधात असूनही बंदी १९७८ पर्यंत टिकली. २०१३ मध्ये चर्चने तिच्यामागची जुनी कारणे अमान्य केली. काइनाचा आणि हामाच्या वंशाचा शाप ही यंग यांची निर्मिती नव्हे. अमेरिकेतील गुलामांचे मालक, उत्तम प्रोटेस्टंट ख्रिस्ती, तीच वचने वापरत होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, ते या वचनांच्या विरोधात उभे राहिलेले लोक होते. वचनावर बोट ठेवून जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे काय असते, हे महाराष्ट्रात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एक शेवटची जोडी, मला आवडणारी. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१५:२९) मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे. बहुतेक पंथ हे वचन अवघड म्हणून बाजूला ठेवतात. स्मिथ यांनी ऑगस्ट १८४० मध्ये एका अंत्यविधीच्या प्रवचनात तेच उचलले आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या आप्तांसाठी जिवंतांनी बाप्तिस्मा घ्यावा असे शिकवले. अनुयायी नॉवूजवळ मिसिसिपी नदीत उतरले आणि आपल्या मेलेल्या आई-बापांची, भावंडांची नावे घेऊन बुडी मारू लागले. टीकाकारांना हा बायबलचा विपर्यास वाटला. मी कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलो. ओंजळीत पाणी घेऊन गेलेल्यांची नावे उच्चारणारी माणसे रोज पाहिली आहेत. दोन विधींचा अर्थ वेगळा आहे हे मान्य, तरी मिसिसिपीतल्या त्या माणसांची निकड मला परकी वाटत नाही.

फिंडले १८५५ मध्ये मुंबईहून गेले. १८५६ च्या मध्यापर्यंत हिंदुस्थानातील शेवटचे मॉर्मन प्रचारक रॉबर्ट स्केल्टन हेही परतले, आणि पुण्याची ती बारा जणांची मंडळी विरून गेली. त्यानंतर वर्षभरातच, १८५७ च्या पूर्वार्धात, विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालू लागले, आणि जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचा इंग्रजी वृत्तांत छापला. त्या वादावर पुढचा धागा.

मिरजेच्या मित्राला मी तक्ता परत पाठवला आहे, तीन रकाने वाढवून: विधान केव्हाचे, कोणापुढे केलेले, लिहून कोणी घेतले. त्याने विचारले, "एवढं भरायला किती दिवस लागतील?" स्पर्धा कधी आहे ते आधी सांग, म्हटले.